मनीचे आजारपण

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात प्रथम चर्चा होते ती मुलांच्या शाळेची, मग सामानाच्या ट्रकची आणि अगदी शेवटी, कुणाच्या लक्षात आलेच तर, घरातल्या मांजराची. नाशिकहून इंदूरला आलेल्या एका कुटुंबात असेच घडले. तेरा वर्षांची, अंगाने स्थूल, साडेसहा किलो वजनाची मनी टोपलीतून रात्रभराचा प्रवास करून आली आणि नव्या घरात पलंगाखाली जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिने बशीला तोंड लावले नाही. "जागा नवी आहे, रुळेल हळूहळू," असे सर्वांनीच म्हटले. दुसरा दिवस खोकी उघडण्यात गेला, तिसरा गॅसच्या जोडणीत. चौथ्या दिवशी सकाळी गृहिणीने तिला मांडीवर घेतले, तेव्हा खिडकीतून आलेल्या उन्हात कानाच्या आतली पातळ त्वचा हळद माखल्यासारखी दिसली.

"अहो, जरा इकडे या. हिचे कान पाहा."

हिरड्याही पिवळ्या होत्या. कावीळ ही यकृताची तक्रार, हे माणसांच्या बाबतीत आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते; मांजराच्या बाबतीत मात्र तिचा आणि उपासाचा किती निकटचा संबंध आहे, याची कल्पना फारच थोड्यांना असते. माणसाने चार दिवस लंघन केले तर बहुधा अशक्तपणापलीकडे काही होत नाही. मांजराचे शरीर निराळ्या घडणीचे आहे. ते केवळ मांसाहारावर जगणारे जनावर असल्याने त्याची सारी चयापचय व्यवस्था प्रथिनांच्या अखंड पुरवठ्यावर बेतलेली असते. अन्न थांबले की शरीरातील साठवलेली चरबी मोठ्या प्रमाणावर यकृताकडे धाव घेते आणि ती पुढे पाठवण्याइतकी क्षमता यकृतात उरत नाही. पेशींत चरबी साचते, पित्ताचा मार्ग अडतो आणि कावीळ दिसू लागते. स्थूल मांजराला हा धोका अधिक. 'खाऊन-पिऊन सुखी' अशा लाडक्या मांजरावरच हे संकट प्रामुख्याने ओढवते, हा यातला विपर्यास म्हणायचा.

परंतु मांजर मुळात खाणे का सोडते, हा प्रश्न उरतोच. घर बदलणे, घरात नवा प्राणी येणे, नेहमीचे खाद्य अचानक बदलणे एवढेही कारण पुरते. वृद्ध मांजरात मात्र त्यामागे दुसरा आजार दडलेला असण्याची शक्यता मोठी असते. मांजराची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात शिरण्यापूर्वी एकत्र येतात. त्यामुळे पित्तमार्ग, स्वादुपिंड आणि आतडे या तिन्हींना एकाच वेळी दाह झालेला अनेकदा आढळतो. कधी कर्करोग असतो, कधी मधुमेह. वाढत्या वयात थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यास रक्तातील यकृताची विकरेही वाढलेली दिसतात, म्हणून तीही तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

मनीचे रक्त तपासले गेले, पोटाची सोनोग्राफी झाली. यकृत मोठे व चरबीने भरलेले दिसले. पित्तमार्गाला जुनाट सूज असावी, असाही डॉक्टरांचा कयास होता. यकृताचा तुकडा काढून तपासणे हाच निदानाचा पक्का मार्ग. पण यकृत बिघडले की रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. त्यामुळे आधी 'के' जीवनसत्त्व द्यायचे, प्रकृती सावरू द्यायची आणि मगच त्याचा विचार करायचा, असे ठरले. पहिले औषध म्हणजे अन्न, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले. ते तोंडाने जाणार नसेल तर नळीने.

नळी म्हटल्यावर घरात शांतता पसरली. आजी म्हणाल्या, "म्हातारं जनावर आहे, कशाला छळायचं बिचारीला?" ही शंका रास्तच होती. मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसवलेली नळी पाहवत नाही, हे खरे. पण अल्पकाळ भूल देऊन बसवलेल्या या नळीचा बहुतेक मांजरांना फारसा त्रास होत नाही. याउलट तोंड उघडून सिरिंजने घास भरवण्याचे हाल अधिक असतात. त्यात अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि मांजराच्या मनात त्या अन्नाविषयी कायमची घृणा बसते. वेळेवर पुरेसे पोषण मिळाले तर चरबी साचलेल्या यकृताची निम्म्याहून अधिक मांजरे बरी होतात. न मिळाले तर बरे होण्याची आशा फारशी उरत नाही. घराने नळीचा निर्णय घेतला.

त्यानंतरचे सहा आठवडे त्या घराचे वेळापत्रक मनीभोवती फिरले. तिची गरज दिवसाला सुमारे २३० किलोकॅलरींची. परंतु उपाशी शरीराला ती एकदम देता येत नाही. तसे केल्यास रक्तातील पोटॅशियम व फॉस्फरस झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून पहिल्या दिवशी एक-तृतीयांश, मग तीन-चार दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रा आणि मधूनमधून रक्ततपासणी. आजारी मांजरांसाठीचे पातळ खाद्य कोमट करायचे, नळीत आधी थोडे कोमट पाणी सोडायचे, मग दहा-पंधरा मिनिटे घेऊन सावकाश खाद्य, शेवटी पुन्हा पाणी. पाण्याचा हा शेवटचा घोट विसरला की नळी तुंबते; एका रात्री ती तुंबलीच आणि ती मोकळी करता करता यजमानांना पहाट झाली. पहाटेची पाळी यजमानांची, दुपारच्या गृहिणीच्या, संध्याकाळची कन्येची. नळीला नाके मुरडणाऱ्या आजींनी रात्री दहाची पाळी आपणहून मागून घेतली. शिवणाच्या टोपलीतल्या मऊ सुती कापडाचा मानेभोवतीचा पट्टाही त्यांनीच शिवला.

एक वही घातली गेली. किती मिलिलिटर गेले, उलटी झाली का, शी-शू कशी, वजन किती. बँकेच्या खातेवहीची सवय असलेल्या घरात ही वही चोख राहिली, यात नवल नाही. लाळ अचानक गळू लागणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, झोकांड्या जाणे या खुणांची वेगळी यादी पहिल्या पानावर होती. यकृताला न पेलणारी विषद्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचली की ही लक्षणे दिसतात. तोपर्यंत मात्र यकृताचा रोगी म्हणून प्रथिने तोडायची नसतात. दूधभातावर ठेवलेले मांजर 'पथ्यावर' नसते, ते उपाशीच असते. आपल्याकडे दूधपोळी हेच मांजराचे अन्न मानणारी घरे पुष्कळ आहेत. वास्तविक बऱ्याच प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, आणि टॉरिन नावाचे आवश्यक द्रव्य त्यांना प्राणिज अन्नातूनच मिळते. शाकाहारी घराला हे जड जाते. तयार खाद्याचा डबा हा त्यातला मधला मार्ग.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ताप उतरवण्यासाठी आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते. ती निष्प्रभ करण्याची यकृतातील यंत्रणा मांजरात जन्मतःच दुबळी असते. माणसांसाठीची यकृताची टॉनिके, सुगंधी तेले, हे प्रयोगही पशुवैद्याला विचारल्यावाचून करू नयेत.

खर्चाचाही विचार ओघाने येतो. सोनोग्राफी, नळी, वारंवार रक्ततपासण्या आणि खाद्य यांची बेरीज मध्यमवर्गीय घराला जाणवते. पाळीव प्राण्यांचा विमा आता मिळू लागला असला, तरी तो घेताना वयाची मर्यादा असते आणि आधीपासूनचा आजार सहसा वगळला जातो. मांजर तरुण असतानाच एखादी छोटी आवर्ती ठेव तिच्या नावाने, म्हणजे अर्थातच मालकाच्या नावाने, सुरू केलेली बरी. सोयीही वाढत आहेत. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. इंदूरजवळ महू येथेही असे महाविद्यालय आहे. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सने लहान प्राण्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू केले.

प्रत्येक मांजर यातून उठतेच असे नाही. यकृतात कर्करोग पसरला असेल तर नळी केवळ दिवस लांबवते. अशा वेळी मळमळ व वेदना कमी ठेवणे, आणि तेही जमेनासे झाल्यास पशुवैद्याच्या हातून शांत मरण देणे, याचा विचार करणाऱ्या कुटुंबाला निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. मनीच्या घरातही पाचव्या आठवड्यात, तिला दोन दिवस सलग उलट्या झाल्या तेव्हा, यजमानांनी तो विषय काढला होता. आजी काही न बोलता उठून गेल्या.

पोटाला आराम देणारे औषध बदलले, मात्रा कमी करून पाळ्या वाढवल्या. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मासळी शिजत असताना मनी पलंगाखालून बाहेर आली आणि बशीतला एक तुकडा तिने स्वतःहून खाल्ला. तरीही नळी लगेच काढली नाही. ती आपल्या तोंडाने खाऊन वजन टिकवते, हे आठवडाभर वहीत दिसल्यावरच ती काढली गेली. पित्तमार्गाची सूज आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. दर रविवारी मनीला पिशवीत घालून ताणकाट्याला टांगतात. आकडा पुकारायचे काम कन्येचे आणि तो वहीत लिहायचे आजींचे.