जुनी फिल्म कुठे आहे?

माजी सैनिकाच्या छातीचा एक्स-रे समोर आला, की अनुभवी रेडिओलॉजिस्ट आधी जुनी फिल्म मागतो. उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढा पांढरा डाग दिसत असेल, तर तो तरुणपणी बरा झालेल्या क्षयाचा व्रण असू शकतो, कोणे एके काळी शरीरात घुसलेला धातूचा कण असू शकतो किंवा अनेक वर्षे ओढलेल्या विडी-सिगारेटने दिलेला कर्करोगही असू शकतो. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच डाग त्याच आकाराचा दिसला तर प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. फुप्फुसातील घट्ट गाठ सीटी स्कॅनवर दोन वर्षे वाढली नाही, तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी मानली जाते. जुनी फिल्म नसेल तर मात्र सीटी स्कॅन, पुढे कदाचित सुईने तुकडा काढून तपासणी आणि निकाल येईपर्यंत घरभर चिंता, असा सारा प्रवास सुरू होतो.

नागपुरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. शहराला लागून असलेली कामठीची छावणी १८२१ पासूनची. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र तेथे आहे, तर हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरात आहे. नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक लष्करी कुटुंबे निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झाली. शिवाय विदर्भातील खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेले जवान उतारवयात उपचारासाठी नागपूरकडेच येतात. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. श्रीलंकेतील शांतिसेनेत १९८७ ते १९९० या काळात गेलेले, १९९९ मध्ये कारगिलला लढलेले आणि सियाचीनवर पहारा दिलेले त्याच्या मागोमाग येत आहेत. प्रत्येकाच्या शरीरात त्याच्या सेवेचा काही ना काही अंश असतो आणि कित्येकदा तो प्रथम दिसतो रेडिओलॉजिस्टलाच.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र रुग्णालये आहेत. त्यांची संख्या १७० हून अधिक असून तेथील नोंदी १९८० च्या दशकापासून संगणकावर येऊ लागल्या. त्यामुळे एका शहरात काढलेला एक्स-रे दुसऱ्या शहरातील डॉक्टरला पाहता येतो. भारतात केवळ माजी सैनिकांसाठी उभारलेल्या रुग्णालयांचे असे जाळे नाही. आपल्याकडे १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, सुरू झाली. आरंभी २२७ पॉलिक्लिनिकना मंजुरी होती. पुढे हा आकडा चारशेच्या वर गेला. नागपूर येथे योजनेचे प्रादेशिक केंद्र आहे. माजी सैनिक प्रथम पॉलिक्लिनिकमध्ये जातो. तेथून गरजेनुसार त्याला लष्करी रुग्णालयात किंवा योजनेशी संलग्न असलेल्या खासगी रुग्णालयात पाठविले जाते. काही मोठ्या पॉलिक्लिनिकमध्ये रेडिओलॉजिस्टचे पद करार पद्धतीने भरले जाते, पण सर्वत्र नाही. आणि सीटी स्कॅन वा एमआरआयसाठी बहुधा बाहेरच जावे लागते.

याचा परिणाम असा, की एकाच माणसाची छायाचित्रे चार ठिकाणी विखुरतात. भरतीच्या वेळचा एक्स-रे एका छावणीत, जखमी झाल्यावरचा दुसऱ्या टोकाच्या लष्करी रुग्णालयात, निवृत्तीच्या वेळच्या तपासणीचा तिसरीकडे आणि पुढचे सीटी स्कॅन धंतोली-रामदासपेठेतील एखाद्या खासगी केंद्रात. रेफरलच्या कागदावर अनेकदा ‘छातीत दुखते, एक्स-रे करावा’ एवढेच असते. तो माणूस कुठे लढला, कशाने जखमी झाला, याचा उल्लेख नसतो.

तसे पाहिले तर क्ष-किरण आणि रणांगण यांचे नाते फार जुने. रॉन्टजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण शोधले आणि अवघ्या दोन वर्षांत, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, सर्जन-मेजर बीव्हर यांनी भारताच्या तत्कालीन वायव्य सरहद्दीवर क्ष-किरण यंत्र नेले. जखमींच्या शरीरात अडकलेल्या गोळ्या शोधणे, हे त्याचे काम. त्या काळी प्रश्न एकच असे: गोळी कुठे आहे? आजच्या रेडिओलॉजिस्टपुढे उलट प्रश्न असतो. गोळी किंवा स्प्लिंटर शरीरात तीस-चाळीस वर्षे मुक्कामाला आहे. त्यामुळे आता काही बिघडणार आहे काय?

बॉम्बगोळ्याचा प्रत्येक तुकडा काढलाच पाहिजे असे नाही. स्नायूत खोलवर गेलेला लहान तुकडा काढताना होणारी इजा तो ठेवण्यापेक्षा जास्त असेल, तर शल्यचिकित्सक तो तसाच सोडून देतात. भोवती व्रणाची घट्ट ऊती तयार होते, जखम भरते आणि पुढे तो जवानच त्याला विसरून जातो. एक्स-रेवर धातू लख्ख पांढरा दिसतो. मात्र एकाच फिल्मवरून त्याची खोली कळत नाही, म्हणून काटकोनात दुसरी फिल्म घ्यावी लागते. लाकडाची ढलपी एक्स-रेवर सहसा दिसतच नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी उपयोगी पडते. शिसे सांध्यात अडकले असेल तर वेगळीच सावधगिरी हवी. सांध्यातील द्रवात ते हळूहळू विरघळते आणि अनेक वर्षांनंतरही शिशाची विषबाधा होऊ शकते. पोटदुखी, रक्तक्षय आणि हातापायांतील अशक्तपणा घेऊन आलेल्या वृद्धाच्या गुडघ्यात या साऱ्याचे मूळ असेल, हे जुनी जखम ठाऊक असल्याशिवाय कोणाला सुचावे?

खरी कसोटी एमआरआयच्या दारात लागते. सर्वसाधारण १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. मांडीच्या स्नायूत व्रणाने घट्ट धरलेला तुकडा सहसा जागचा हलत नाही. पण डोळ्यात, पाठीच्या मज्जारज्जूजवळ किंवा मोठ्या रक्तवाहिनीलगत लोखंडी कण असेल तर तो सरकून कायमची इजा करू शकतो. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यात राहिलेला असा कण एमआरआयच्या वेळी हलून त्याची दृष्टी गेल्याची घटना १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदविली गेली. तेव्हापासून संशय असल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढण्याची पद्धत रूढ झाली. मात्र संशय येण्यासाठी रुग्णाने सांगायला हवे. ‘अंगात काही धातू आहे का?’ या छापील प्रश्नाला निवृत्त हवालदार सहजपणे ‘नाही’ म्हणतो, कारण धातू म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे गुडघ्याची वाटी किंवा पेसमेकर येतो. ‘कधी स्प्लिंटर लागले होते का?’ असे विचारले, की तो बाही वर करून खूण दाखवतो. माजी सैनिकांसोबत काम करताना त्यांची भाषा अवगत असणे कसे उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

डोंगरावरच्या सेवेची गोष्ट आणखी निराळी. १९६२ च्या चीन युद्धानंतर हजारो जवान अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर पोहोचले आणि अनेकांच्या फुप्फुसांत पाणी साचू लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आजारांचा बारकाईने अभ्यास केला. १९२५ जवानांवरील त्यांचा निबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही जगभर उद्धृत होतो. या फुप्फुसविकारात एक्स-रेवर कापसाच्या पुंजक्यांसारख्या सावल्या दिसतात. प्राणवायू देऊन रुग्णाला खाली आणले, की त्या काही दिवसांत नाहीशा होतात. म्हणजे वीस वर्षांनी त्याच माणसाची छाती पाहिली, तर तेथे काहीही सापडणार नाही. त्या दिवशी काढलेली फिल्म हाच त्या आजाराचा उरलेला पुरावा.

आणि पुराव्याचे मोल केवळ वैद्यकीय नाही. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी विकार सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला, हे ठरावे लागते. तो निर्णय वैद्यकीय मंडळाचा, रेडिओलॉजिस्टचा नव्हे. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा दंडक घातला, की भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानावे, संशयाचा फायदा त्याला द्यावा आणि विकाराचा सेवेशी संबंध नाही असे म्हणणाऱ्या मंडळाने त्याची कारणे लिहावीत. पुढे २०२३ मध्ये या विषयीचे नियम नव्याने आले. नियम कोणतेही असोत, मंडळापुढे कागद लागतोच. त्या कागदावर रेडिओलॉजिस्टने काय लिहिले, याला म्हणूनच वजन असते. ‘मणक्यात वयोमानानुसार झीज’ हे शब्द अहवालात सवयीने उमटतात. तेथेच ‘मणक्याचा जुना, सांधलेला दाबभंग’ दिसत असताना तो नोंदवायचा राहिला, तर पॅराशूटमधून उड्या घेतलेल्या जवानाचे कायमचे नुकसान होऊ शकते. याउलट, सहानुभूतीपोटी नसलेले काही लिहिणेही तितकेच गैर. अस्थिभंग जुना आहे एवढे छायाचित्र सांगते. तो नेमका कोणत्या वर्षीचा, हे ते सांगू शकत नाही.

बाकी दिवसभराचे काम इतर कोणत्याही रुग्णालयासारखेच. मूतखडे, पित्ताशयातील खडे, वाढलेले प्रोस्टेट, झिजलेले गुडघे, पक्षाघाताच्या संशयाने धावपळीत आणलेला मेंदूचा सीटी स्कॅन. नियमही तेच. सत्तरीच्या सुभेदाराच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायची असली, तरी यंत्राची नोंदणी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली असावी लागते. किरणोत्साराशी नित्य संबंध येणारे कर्मचारी छातीवर मोजणी-बिल्ला लावतात. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही त्यांची मर्यादा. साध्या छातीच्या एक्स-रेचा किरणोत्सार याच्या अगदी अल्पांश असतो, छातीच्या सीटी स्कॅनचा मात्र त्याहून कितीतरी अधिक. जुनी फिल्म न सापडल्यामुळे केलेला प्रत्येक जादा स्कॅन या हिशेबातही मोजायला हवा.

फिल्म सापडली तरी ती वाचता येईल याची खात्री नसते. अलीकडच्या काळात वापरात आलेली, उष्णतेने छापली जाणारी कोरडी फिल्म उष्णतेनेच काळवंडते. नागपूरचा मे महिना आणि घरातील पत्र्याची पेटी, हे तिचे दोन शत्रू. त्याआधीच्या, रसायनात धुतलेल्या फिल्म अधिक टिकतात, पण दमट जागी एकमेकींना चिकटतात. सीडी दिली असेल तर ती वाचणारे यंत्र आता संगणकांतून गायब होत आहे. केंद्राकडे अहवालाबरोबर मूळ डिजिटल छायाचित्रे मागून घ्यावीत, त्यांची एक प्रत मुलाच्या वा सुनेच्या संगणकावर ठेवावी, जुन्या फिल्मचा दिवसाउजेडी खिडकीच्या काचेवर धरून स्वच्छ फोटो काढावा, असे डॉक्टर सुचवतात. मोबाइलवरचा असा फोटो निदानासाठी पुरेसा नसला, तरी डाग पूर्वीपासून होता एवढे त्यातून अनेकदा कळते. लष्करातून मिळालेला डिस्चार्ज स्लिपचा कागद, म्हणजे रुग्णालयातून सुटका होतानाचा सारांश, तर फिल्मइतकाच मोलाचा. जखम कोणती, तुकडा काढला की ठेवला, याचा उल्लेख बहुधा त्यातच असतो. पॉलिक्लिनिकमध्ये जाताना स्मार्ट कार्डासोबत तो पिशवीत असला, तर रेफरलच्या कागदावर ‘छातीत दुखते’च्या पुढे आणखी एक ओळ लिहिली जाते.