अर्ध्या इंचाचं भांडण

मेकॅनिकलवाल्यांना हेडर म्हणजे काय ते माहीत असेलच. सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी आधी थोडक्यात. (शाळेत मराठी हा माझा तिसरा विषय होता, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघावं!) इंजिनातला जळालेला वायू कंपनीच्या गाडीत बिडाच्या आखूड, जाडजूड मॅनिफोल्डमधून बाहेर जातो. हेडरमध्ये प्रत्येक सिलेंडरला स्वतःची लांब स्टीलची नळी मिळते, आणि पुढे सगळ्या नळ्या एका कलेक्टरला मिळतात. वायूला वाट मोकळी, म्हणून पॉवर जास्त. पण लांब नळ्यांना जागा लागते, आणि बॉनेटखालची जागा म्हणजे आपली हॉस्टेलची तीन जणांची खोली.

उदाहरण म्हणून 1967 ते 1969 ची शेवरोले कॅमेरो घेऊ. अमेरिकन गाडी, म्हणजे ड्रायव्हर डावीकडे. व्ही-8 इंजिनचे चार सिलेंडर डावीकडे, त्यांचा हेडरही डावीकडे आणि स्टिअरिंगचा दांडा खाली गिअरबॉक्सकडे जातो तोही डावीकडूनच. नळ्या दांड्याला वळसा घालून जातात. हौशी माणूस हेडर बसवतो, फटीत बोट घालून बघतो, बोट गेलं की खूश होतो.

इथेच फसगत आहे. ही फट थंड आणि बंद इंजिनची आहे. साध्या स्टीलची 600 मिमी लांब नळी 500 अंशांनी तापली तर सुमारे 3.6 मिमी वाढते. स्टेनलेसची नळी पाच मिमीच्या पुढे जाते. त्यात इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलं तर क्रँकशाफ्ट घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून ॲक्सिलरेटर दाबला की न्यूटनसाहेबांच्या तिसऱ्या नियमाने इंजिनचा सांगाडा सुलट दिशेने कलतो. म्हणजे डावी बाजू वर उचलते. नेमकी हेडर आणि दांड्याची बाजू!

हे नुसतं थिअरीचं बोलणं नाही. डिसेंबर 1971 मध्ये जनरल मोटर्सला सुमारे 67 लाख शेवरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्यात या कॅमेरोही होत्या. माउंटिंगचं रबर सुटलं की इंजिन डावीकडून उचललं जायचं आणि थ्रॉटल ओढला जाऊन उघडाच राहायचा. उपाय काय केला? इंजिन फार उचलू नये म्हणून तारेचा दोर बांधला. अशा गाडीत नळी आणि दांड्यामध्ये दोन-तीन मिमी फट ठेवणं म्हणजे वळणावर स्टिअरिंग अडकायला आमंत्रण देणं. ब्रेक नीट लागले नाहीत तर निदान गाडी वळवता येते, स्टिअरिंग अडकलं तर मग काय करणार?

म्हणून आधी माउंटिंग तपासा. रबर बसलं असेल तर बदला. कितीतरी वेळा फट तिथेच परत मिळते, आणि लोक मात्र उगाच हेडरला हातोडी मारत बसतात. मग दांड्याच्या खालच्या टोकाला असलेला रबर-कापडाचा चपटा कपलिंग बघा. तो तबकडीसारखा रुंद असतो आणि उष्णतेने लवकर खराब होतो. त्याच्या जागी युनिव्हर्सल जॉइंट बसवला तर बरीच जागा मोकळी होते. दांडाही दोन बाजूंनी सपाट केलेला, पाऊण इंची मिळतो. सरळ वाट नसेलच तर तीन जॉइंट लावून दांडा वळसा घालून नेतात, पण मग मधे आधाराला बेअरिंग हवंच, नाहीतर दांडा लोंबकळतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, जॉइंट जास्त वाकवू नका. एकच जॉइंट 30 अंशांत वाकवला तर एका फेऱ्यात पुढच्या दांड्याचा वेग 0.87 ते 1.15 पट असा वरखाली होतो आणि स्टिअरिंग हाताला कधी हलकं, कधी जड लागतं. दोन जॉइंट सारख्या कोनात आणि योग्य फेजमध्ये लावले की ही गडबड एकमेकांत जिरते. (थिअरी ऑफ मशीन्सचा हा चॅप्टर ऑप्शनला टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) दुसरी, टक्कर झाल्यावर मिटणारा कॉलम जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलपासून दिला, तो ड्रायव्हरच्या छातीत घुसू नये म्हणून. नवीन दांडा बसवताना ही मिटायची सोय घालवू नका. आणि दांडा घासून बारीक करणं, गरम करून वाकवणं किंवा वेल्डिंगने जोडणं, हे तर अजिबात नको.

नळी ठोकून चपटी करावी का? शेवटचा उपाय म्हणून करतात, आणि लोक घाबरतात तितकी पॉवर जात नाही. आतून 41 मिमी व्यासाच्या नळीची एक बाजू 6 मिमी आत सपाट केली तर क्षेत्रफळ नऊ टक्के कमी होतं. पण हेडर काढून, टॉर्चने लाल करून, गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू ठोका. वेल्डच्या जवळ मारलं तर पुढे तडा जातो. माझं मत विचाराल तर दांड्याला चुकवून जाणारा दुसरा हेडर घेणं केव्हाही बरं.

शेवटी किमान अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिमी फट राहावी. ती तपासायला अॅल्युमिनियम फॉइलचा सैल गोळा फटीत बसवायचा (मेसमध्ये मागितलं तर देतात). मग ब्रेक पक्का दाबून, गिअर टाकून क्षणभर ॲक्सिलरेटर द्यायचा. गाडीसमोर कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन बंद केल्यावर चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजली की खरी फट कळते. नंतर इंजिन गरम असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. नळीजवळच्या जॉइंटसाठी मधे पत्र्याची आडही लावा, नाहीतर त्यातलं ग्रीस वितळून जातं.

आपल्या बाहा गाडीत इंजिन पाठीमागे असल्यामुळे टीमला हा त्रास नाही. पण जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवायचे बेत ज्यांच्या रूममध्ये चालू आहेत त्यांनी लक्षात ठेवावं: आपला दांडा उजवीकडे, आणि ती बाजू ॲक्सिलरेटर दिल्यावर उचलत नाही, खाली दबते. तेव्हा फट नळीच्या खालच्या अंगाला मोजा.