परराष्ट्राचा पैसा आणि मुके सभागृह

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या बड्यांचा विषय, वस्तीतल्या माणसाने त्यात पडू नये, असे आपल्याला सांगितले जाते. बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी परराष्ट्र धोरणाचा हिशेब रुपयांत मांडला. ३५० कोटींच्या महसुलापैकी १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्याला मित्र नाहीत!

घटनेच्या कलम ११३ नुसार अनुदानाच्या मागण्या लोकसभेच्या मतास टाकाव्या लागतात. २३ मार्च २०२३ रोजी काय घडले? सत्ताधारी व विरोधक घोषणा देत असताना सुमारे ४५ लाख कोटींच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. परराष्ट्र खात्याचे १८,०५० कोटी आणि त्यातील भूतानच्या मदतीचे २,४०० कोटीही त्यातच गेले. यालाच संसदेत 'गिलोटिन' म्हणतात.

शेजाऱ्याला मदत करण्यास आमचा विरोध नाही. भूतान तर बौद्धांचा देश. प्रश्न मदतीचा नाही, जाब विचारण्याचा आहे. त्यासाठी १०० रुपयांची कपात सूचनाही पुरते, पण चर्चाच झाली नाही तर ती सूचनाही मुकीच राहते. अनुसूचित जातींच्या ८४ राखीव जागांवरून गेलेल्या खासदारांना आम्ही विचारतो, या मागणीवर तुम्ही कधी बोललात काय? घटनेने दिलेले मत नुसते 'होय' म्हणून ओरडण्यासाठी नाही!