जुन्या पिकअप गाडीची मागील बाजू का खचते व ती कशी सावरावी

तासगावचा बेदाणा, सांगलीच्या पेठेत जाणारी हळद, कोरेगावचा घेवडा आणि खटावचा बटाटा आता बहुधा पिकअप गाडीतूनच बाजारास जातो. जत-आटपाडीकडे पाण्याची ओढ लागली म्हणजे अशाच गाडीमागे दोनचाकी टाकी जोडण्याचा मोह होतो. गाडी जुनी झाली की तिची मागील बाजू खाली बसते व तोंड वर उचलले जाते. पुष्कळ शेतकरी बंधू याकडे गाडीच्या रूपातील उणीव म्हणून पाहतात. आमच्या मते हा प्रश्न रूपाचा नसून जिवाचा आहे. म्हणून त्याची कारणे व उपाय येथे सांगण्याचे योजिले आहे.

ज्याने बैलगाडी भरली आहे, त्यास उलाळ म्हणजे काय हे सांगावयास नको. ओझे आसाच्या मागे गेले की जू बैलांच्या मानेवरून वर उठते. पिकअपचा मागील आस हाही तसाच टेकू होय आणि पुढील चाके ही तिची बैलजोडी होय. समजा, दोन्ही आसांमधील अंतर ३०० सेंटिमीटर असून मागची टाकी जोडण्याचा आकडा मागील आसाच्या १२० सेंटिमीटर मागे आहे. टाकीच्या दांडीचा ८० किलो भार त्या आकड्यावर पडला, तर मागील आसावर ८० नव्हे, ११२ किलो भार वाढतो. वरचे ३२ किलो पुढील चाकांवरून उचलले जातात. दांडीवर २०० किलो पडले, तर पुढील चाके ८० किलोंनी हलकी होतात.

याचा परिणाम कुंभार्ली किंवा खंबाटकीच्या घाटात दिसतो. वळण घेण्याचे व गाडी थांबविण्याचे बरेचसे काम पुढील चाकांकडे असते. ती हलकी झाली म्हणजे सुकाणू सैल वाटते व ब्रेकची पकड कमी होते. दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात. मागे पाटे दबून आस रबरी ठोकळ्यावर आदळू लागतो आणि प्रत्येक खड्ड्याचा मार सांगाड्यास बसतो.

उपायापूर्वी परीक्षा करावी. चाकांत योग्य हवा भरून गाडी सपाट जागी उभी करावी व चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांपाशी मोजून लिहून ठेवावे. हे माप तीनदा घ्यावे: रिकाम्या गाडीचे, नेहमीच्या मालासह, आणि मागे टाकी जोडून. रिकामी गाडीच तिच्या मूळ उंचीपेक्षा खाली असेल, तर पाटे थकले आहेत. एकच बाजू खाली असेल, तर तुटलेला पाटा, झिजलेले बुश किंवा गंजून अडकलेले शॅकल शोधावे. केवळ टाकी जोडल्यावरच गाडी बसत असेल, तर दोष बहुधा भाराच्या मांडणीत आहे.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. जड पोती हौद्यात पुढे, केबिनच्या पाठीशी लावावीत. मागील दोनचाकी वाहनाच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा दांडीवर यावा. ८०० किलोंच्या वाहनास ८० किलो. हा भार दांडी आकड्याच्या उंचीवर ठेवून काट्यावर तोलून पाहता येतो. तो फार कमी करणेही घातक असते, कारण मग मागचे वाहन डोलू लागते. टाकी अर्धी भरून नेऊ नये. आतील पाणी हेलकावे खाते व उतारावर गाडीस ढकलते. टाकीत आडव्या पत्र्यांचे अडसर असल्यास बरे.

दुसरा उपाय पाट्यांचा. तुटलेला पाटा बदलावा; तो जोडून घेऊ नये. गॅसच्या ज्योतीने तापवून कमान देणे ही तर फसवणूक होय. त्याने पोलादास दिलेले पाणी उतरते व पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो किंवा मोडतो. सर्व पाटे थकले असतील, तर दोन्ही बाजूंचा संच एकदम नवा घालावा. त्यासोबत यू-बोल्टही नवे घ्यावेत आणि काही दिवस गाडी चालविल्यावर ते पुन्हा आवळावेत.

पाटे निरोगी असूनही मालाने गाडी थोडी बसत असेल, तर मदतनीस पाटा किंवा हवेच्या पिशव्या बसविता येतात. मात्र काही गाड्यांत मागील ब्रेकचा जोर गाडी किती दबली आहे यावरून ठरविणारी झडप असते. मागची बाजू उंचावली की ती झडप गाडी रिकामी समजते व भरल्या गाडीचा मागील ब्रेक कमी लागतो. म्हणून असे काम केल्यावर ती झडप जाणत्या कारागिराकडून जुळवून घ्यावी. शॉक अ‍ॅब्झॉर्बर बदलल्याने खचलेली गाडी उठत नाही. ते हेलकावे थांबवितात, ओझे पेलत नाहीत. आस व पाटे यांच्यामध्ये ठोकळे घातल्याने उंची वाढते, बळ वाढत नाही.

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाटा वाढविल्याने गाडीची वाहनक्षमता वाढत नाही. आस, चाके, ब्रेक व सांगाडा पूर्वीचेच राहतात. नोंदणीपुस्तकात लिहिलेले एकूण वजन हीच मर्यादा होय, आणि मागे वाहन ओढण्यास गाडी योग्य आहे काय हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. मागील वाहनाचीही रीतसर नोंदणी हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. परंतु दंड भरून सुटका होते. घाटात सुटलेली गाडी परत हाती येत नाही. गाडी खचते तेव्हा ती आपल्या भाषेत ओझे सांगत असते. तिला वर उचलण्याआधी ते ओझे तोलून पाहावे, हीच आमची बागाईतदार बंधूंस सूचना आहे.