थ्री नॉट थ्रीवरचा गंज

2021 च्या जुलैत सावित्रीला पूर आला आणि महाड बुडालं. त्याच पुरात आसपासच्या एका माजी सैनिक संघाच्या सभागृहातलं काचेचं कपाटही पाण्याखाली गेलं. कपाटात एक थ्री नॉट थ्री रायफल होती. कवायतीसाठी कायमची निकामी केलेली. चेंबरला आरपार भोक, फायरिंग पिनचं टोक कापलेलं. पूर ओसरल्यावर लोक घरातला चिखल उपसण्यात गुंतले. रायफल कुणीतरी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि ती तिथेच राहिली. पुण्यातल्या एका निवृत्त आर्मररने ती आता दुरुस्तीला घेतली आहे, असं संपादकांच्या कानावर आलं, म्हणून मी खडकीला गेले.

खडकी हे या कामाला साजेसंच ठिकाण. इथला दारूगोळा कारखाना 1869 चा आणि थ्री नॉट थ्रीची काडतुसं इथेही बनत. रायफल मात्र बंगालमधली. बोल्टच्या मागे, बट जिथे बसतो त्या लोखंडी खोबणीवर मुकुट आहे, त्याखाली जी.आर.आय. ही सम्राटाची आद्याक्षरं, मग ईशापूर हे तिथल्या कारखान्याचं नाव आणि 1941. हे साल वाचण्याआधी त्यावरचा गंज उतरवावा लागला.

कागदावरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या कारागिराची बोल्ट-मॅगझिनची रचना, एनफील्डच्या कारखान्यातली नळी, म्हणून नाव ली-एनफील्ड, 1907 सालचं मार्क थ्री हे रूप, दहा गोळ्यांचं मॅगझिन, वजन चार किलोच्या आसपास. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात, 1915 च्या डिसेंबरपासून 1916 च्या एप्रिलअखेरपर्यंत, उपाशीपोटी लढलेल्या मराठा पलटणींच्या हातात ली-एनफील्डच होत्या. पुढे हीच रायफल देशभरच्या पोलिसांच्या खांद्यावर आली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट 2020 च्या प्रजासत्ताकदिनी.

हे आर्मरर, हवालदारसाहेब (नाव छापू नका म्हणाले), लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती विभागातून निवृत्त झाले. घरामागच्या शेडमध्ये एक लाकडी बाक, त्यावर शेगडा आणि भिंतीला ओळीने लावलेले स्क्रूड्रायव्हर. प्रत्येकाचं पातं त्यांनी स्वतः कानशीने घासून एकेका स्क्रूच्या खाचेच्या मापाचं केलंय. "पातं खाचेत सैल बसलं की स्क्रू खराब झालाच म्हणून समजा, ताई. आणि या मापाचा स्क्रू आता बाजारात कुठे मिळणार?"

सुरुवातीला बराच काळ त्यांनी तेल सोडलं तर रायफलीला काहीच लावलं नाही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याशी थेंब सोडायचा, वाट बघायची, पुन्हा सोडायचा. मग डोक्यावर पितळी हातोडीने हलकी थाप. पहिला प्रयत्न स्क्रू आवळायचा, सोडवायचा नाही. केसभर आवळला की आतली गंजाची पकड तुटते आणि मग तो उलटा फिरायला तयार होतो. हे मी शेजारी बसून पाहिलं. मॅगझिनच्या पुढचा स्क्रू फिरला तेव्हा बारीक कर्रर आवाज झाला. साहेबांनी लगेच हात काढून घेतला, पुन्हा तेल सोडलं आणि त्या दिवशी त्या स्क्रूला पुन्हा हात लावला नाही.

गंज खरवडायला ते तांब्याचा जुना पैसा वापरतात. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पैशाची कड गंज उचलते आणि खालच्या पोलादावर ओरखडा उठत नाही. त्यानंतर तेलात भिजवलेली अगदी बारीक स्टीलवूल. मोटारीवरचा बफ त्यांच्या शेडमध्ये आहे, पण या कामासाठी त्याची पिन सॉकेटमध्ये जात नाही. बफने लोखंड तासाभरात आरशासारखं होतं हे खरं. त्याबरोबर कडा गोल होतात आणि तपासनिसांचे बारीक शिक्केही पुसले जातात. 1941 मध्ये ईशापुरात कुणीतरी हातोड्याने ठोकलेला तो आकडा एकदा घासला गेला की परत आणता येत नाही. साहेबांचं सगळं कसब मला इथे दिसलं, कुठे थांबायचं ते ओळखण्यात. गंजाने पाडलेले खड्डे ते तसेच ठेवतात. खड्डा बुजवायला भोवतालचं चांगलं लोखंड तासणं त्यांना पटत नाही.

सुट्या भागांसाठी ते एक जुनी युक्ती वापरतात. स्टीलच्या लांबट ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर खळखळ उकळायचं आणि भाग त्यात बुडवायचे. तांबडा गंज उकळत्या पाण्यात हळूहळू काळा होतो. रसायनाच्या भाषेत त्याचं मॅग्नेटाइट होतं. काळा थर पोलादाला धरून राहतो, वर सुटलेली काजळी ब्रशने उतरते. त्या काळात नवी नळी काळी करायची पद्धतही मुळात हीच होती: मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. त्यामुळे उकळून काढलेला भाग मूळ रंगाच्या जवळ जातो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज सोडवायची पद्धतही त्यांना येते. स्प्रिंगांना मात्र ती ते लावत नाहीत, कारण त्यात सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो.

इतकं सगळं सुरळीत चाललं होतं. खरी अडचण लाकडात निघाली.

ली-एनफील्डचं लाकूड दोन मुख्य तुकड्यांचं. मागे बट, पुढे नळीखालून तोंडापर्यंत जाणारा फोरएंड. बट एका लांब बोल्टने आवळलेला असतो आणि त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते फोरएंडच्या मागच्या टोकातल्या छोट्या लोखंडी पट्टीत अडकतं, म्हणजे दणके बसून बोल्ट आपोआप फिरू नये. रचना हुशारीची, पण अनोळखी माणसाला घात करणारी. फोरएंड न उतरवता बटचा बोल्ट फिरवला, की चौकोनी टोक पट्टीला पिळतं आणि पट्टी लाकूड उभं चिरते. बाहेरून यातलं काही दिसत नाही. बटच्या पितळी पट्टीतली झडप उघडली की आत बोल्टचं डोकं सापडतं, वर एक चामड्याची चकती, आणि लांब स्क्रूड्रायव्हर घातला की वाटतं, आता फिरवावा.

कुणीतरी तो फिरवला होता. पुराच्या आधी की नंतर, कोण जाणे. चामड्याची चकती गायब होती आणि फोरएंडच्या मागच्या टोकाला बोटभर चीर गेली होती. त्यातून पुराचा गाळ आत शिरून सुकला होता. पाण्याने लाकूड फुगलेलं, नळीवर गंज चढलेला. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे नळी फोरएंडमध्ये घट्ट रुतून बसली होती. तिला ओढणंही सरळ नाही. फोरएंडच्या मागच्या भागात, रायफलीचा धक्का झेलणारे दोन लाकडी खांदे असतात. तोंडाकडून ओढलं तर तेच तुटतात. फोरएंड पूर्ण लांबीभर सारख्या जोराने, सरळ खाली उतरवायचा. साहेब रोज थोडं तेल सोडायचे, लाकडी ठोकळ्यावर हातोडीने टकटक करून पाहायचे आणि थांबायचे.

शेवटी ती सुटली तेव्हा नळीची खालची बाजू दिसली. वर, दिसणाऱ्या भागावर, गंज साधारण होता. लाकडाच्या रेषेखाली मात्र पोलाद पार खवले खवले झालं होतं. जुन्या रायफलींमध्ये हे नेहमीच होतं, असं ते म्हणाले. लाकूड ओल धरून ठेवतं आणि तिथे कुणाची चिंदी पोहोचत नाही. चिंदी म्हणजे साफसफाईचं कापड, तेच पुलथ्रूच्या दोरीला लावून नळीतूनही ओढतात. नळीच्या आत तर दुसराच शत्रू. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने प्रत्येक गोळीमागे नळीत क्षार सोडला, तो हवेतलं पाणी ओढतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणून जुने शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतत. साहेबांनी चेंबरचं भोक रबराने बंद केलं आणि तेच केलं. पहिली चिंदी तपकिरी निघाली, दुसरीही.

चीर त्यांनी साफ करून सरसाऐवजी इपॉक्सीने जोडली आणि आडवी पितळेची बारीक पिन घातली. लष्कराच्या वर्कशॉपमध्येही चिरलेल्या लाकडाला अशीच पिन बसवत. लाकडाला व्हर्निश लावलं नाही, कच्चं जवसाचं तेल हाताने चोळून जिरवलं. संघाच्या मंडळींना चकाकी हवी होती. त्यावरून फोनवर बरीच चर्चा झाली, ती मी ऐकली.

आता प्रश्न कपाटाचा. जुनं कपाट काच सोडली तर प्लायवूडचं आणि सगळीकडून बंद होतं. कोकणात बंद पेटी म्हणजे पावसाळाभर कोंडलेली ओल, शिवाय प्लायवूडमधून निघणारी आम्लाची वाफही लोखंडाला गंजवते. साहेबांनी सुताराला चिठ्ठी लिहून दिली: मागे जाळी, खाली हवेला जागा, रायफलीला टेकू लाकडाचा पण लोखंडाला थेट लागणार नाही असा, आणि पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा कपाट उघडून तेल द्यायचं. हे काम कोण करणार, त्याचं नाव लिहायला त्यांनी चिठ्ठीत शेवटची ओळ कोरी सोडली आहे. संघाकडून अजून कुणाचं नाव आलेलं नाही.