मंडळाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना

मंडळाच्या कपाटात मिनीडीव्ही कॅसेटींचा एक डबा आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू, मुलांची नाटुकली असे बरेच चित्रण त्यात आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला, सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. डबा वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. तळमजल्यावर राहणाऱ्या कित्येक सभासदांच्या घरचे फोटो आणि कॅसेटी मात्र गेल्या. आपल्यातली काही माणसे आता चालतीबोलती दिसतील ती या डब्यातच. म्हणून यंदा आम्ही चार निवृत्त मंडळींनी हे काम हाती घेतले. तुमच्याही घरी अशा कॅसेटी असतील, म्हणून हे लिहीत आहोत.

मिनीडीव्हीवरचे चित्र मुळातच डिजिटल असते. फायरवायर केबल लावली की ते जसेच्या तसे संगणकात येते. टीव्हीच्या पडद्यासमोर मोबाईल धरून उतरवू नका, दर्जा उगाच जातो. कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेले छोटे चार पिनांचे सॉकेट शोधा. शेजारी यूएसबीही असते, पण बहुतेक कॅमेऱ्यांत त्यातून फोटो किंवा अगदी हलके चित्रच मिळते. आमचा पहिला आठवडा तिथेच गेला. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसते, आणि अ‍ॅपलने तर २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून त्याची सोयच काढून टाकली. तेव्हा घरातला जुना डेस्कटॉप भंगारात देऊ नका. सॉकेट नसले तरी त्यात फायरवायरचे कार्ड बसवता येते. केबल जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या टोकातून वीजही येते, ते उलटे घुसवले तर सॉकेट जळते.

कॅमेरा बॅटरीवर नको, अ‍ॅडॅप्टरवर चालवा. बटण ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’वर ठेवा. मग प्रीमिअरची ‘कॅप्चर’ खिडकी उघडा, किंवा विनडीव्ही हा छोटासा फुकट प्रोग्राम घ्या. प्रीमिअरमधले बटण दाबले की कॅमेरा आपोआप सुरू होतो, ही गंमत पाहण्यासारखी आहे. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, आणि जागा लागते सुमारे १३ जीबी.

या आकड्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. पहिली कॅसेट थेट पेनड्राइव्हवर उतरवायला लावली आणि चहाला गेलो. पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीचा होता, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. विसाव्या मिनिटाच्या आसपास उतरवणे थांबले, कॅसेट मात्र शेवटपर्यंत चालत राहिली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा मध्येच फीत अडकली आणि चुरगळली. पुढच्या भागात आपल्या एका आजींनी म्हटलेले नाट्यपद होते. आजी आता नाहीत. पहिल्या फेरीत ते पद कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पूर्ण वाजून गेले होते, आणि तेव्हा खोलीत कोणीही नव्हते.

आता प्रत्येक कॅसेट एकदाच चालणार असे धरूनच आम्ही बसतो. सुरतेच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालायची नाही. हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटीही बिघडतात. फाइल संगणकातल्या ‘एनटीएफएस’ डिस्कवरच घ्यायची. अँटिव्हायरस, इंटरनेट, स्लीप सगळे बंद. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा शून्य राहतोय ना, हे पाहायला एकाने समोर बसायचे. बसलेल्याने वहीत मिनिट आणि माणसांची नावे लिहायची. नोंदीशिवाय चैन न पडणे ही बँकेतली सवय, इथे उपयोगी पडली.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवायच्या आणि कापाकापी तिसऱ्या प्रतीवर करायची. चित्र ४:३ आहे, ते नव्या टीव्हीभर ताणू नका. सगळेच जाडे दिसतात, आणि बायका आम्हाला बोलतात.

काही कॅसेटी ‘एलपी’वर, म्हणजे तासाच्या फितीत दीड तास बसवून घेतलेल्या आहेत. आमच्या कॅमेऱ्यावर त्यांचे नुसते चौकोन दिसतात. अशा कॅसेटी ज्या कॅमेऱ्याने घेतल्या त्यावरच बहुधा नीट चालतात. त्या काळी मंडळाचे चित्रण कोणी आपल्या कॅमेऱ्याने केले असेल आणि तो अजून चालू असेल, तर कृपया कार्यालयात आणून द्यावा. चार्जरसकट.