थांबलेल्या चाकाचा हिशेब: महाड-पोलादपूरचे ट्रेलरचालक आणि त्यांचे मालक

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? ड्रायव्हरला मालकाकडून काय हवं? पगार हवा. झालं व्याख्यान.

पगार हवाच. पण महाड एमआयडीसीत रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरवाल्यांशी बोलायला बसलं की पगाराचा आकडा बऱ्याच उशिरा येतो. पहिलं वाक्य बहुधा असं असतं: "काल दुपारपासून उभा आहे." आज आपण या वाक्यापासूनच सुरुवात करू.

आधी गाडी समजून घेऊ. ट्रेलर म्हणजे पुढे ओढणारा भाग, ज्याला लाइनीत घोडा म्हणतात, आणि मागे उघडा सपाट पाटा. ना फाळके, ना छप्पर. न्हावाशेव्याहून येणारे कंटेनर, डोलवीच्या कारखान्यातून निघणाऱ्या पोलादी कॉइल, महाड किंवा पुढे लोट्याच्या रासायनिक कारखान्यांसाठी जाणाऱ्या टाक्या, हा सगळा माल या पाट्यावर बसतो. बंद गाडीचा ड्रायव्हर कुलूप लावतो आणि निघतो. ट्रेलरवाल्याचं तसं नाही. माल साखळीनं बांधायचा, गुटके ठोकायचे, ताडपत्री ओढायची, दहा-वीस किलोमीटरवर थांबून साखळी पुन्हा ताणायची. माल घसरला तर प्रश्न एकच विचारला जातो: बांधला कोणी?

त्या बांधण्यामागचं गणित सांगतो. जोरात ब्रेक मारला की माल पुढे जाऊ पाहतो. तो रोखायला त्याच्या वजनाच्या साधारण 0.8 पट जोर सहन करणारी बांधणी हवी, असं युरोप-अमेरिकेतले नियम धरतात. बाजूला घसरू नये म्हणून 0.5 पट. म्हणजे 20 टनांची कॉइल असेल तर पुढच्या बाजूला 16 टनांचा ताण. आणि ती कॉइल पुढे सुटली तर सगळ्यात आधी कुठे येते? केबिनवर. म्हणून झिजलेली साखळी बदलून मागणारा ड्रायव्हर नखरे करत नसतो. चांगल्या मालकाची ओळख विचारली तर आम्ही पहिल्यांदा हीच सांगू: साखळी, बेल्ट, ताडपत्री मागितली की मिळते, आणि "यावर माल बांधत नाही" असं म्हटलं तर त्या दिवसाचा भत्ता कापला जात नाही.

आता उभं राहण्याकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक चालकांची कमाई खेपेवर असते. थोडा पगार, बाकी खेपेमागे भत्ता. समजा न्हावाशेवा ते महाड या खेपेला 2,500 रुपये भत्ता ठरला. गाडी त्याच दिवशी खाली झाली तर ठीक. पण नंबर लागला नाही, कागद अडला, क्रेन आली नाही आणि तीन दिवस गेले, तर दिवसाचे 833 रुपये झाले. त्यातच जेवण, त्यातच अंघोळीचे पैसे. आणि उभं असणं म्हणजे विश्रांती नव्हे बरं का! नंबर कधीही पुकारतील म्हणून झोपायचं नाही, डिझेलवर लक्ष ठेवायचं, रांग सरकली की गाडी सरकवायची. मग तिसऱ्या रात्री माल उतरतो आणि मालकाचा फोन येतो, लगेच निघ, दुसरी खेप लागलीय. घाटात डुलकी लागते ती अशा रात्री.

कायदा याबाबत गप्प नाही. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा 1961 साली झाला आणि 2025 पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती, सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि गाडी चालू नसताना मालासंबंधी केलेलं काम, चढवणं-उतरवणं हेही कामाच्या तासांतच धरलं होतं. गंमत पुढे आहे. थांब्यावर नुसतं तिष्ठत बसण्याचा वेळ त्यात धरला तो 15 मिनिटांच्या आतला! बस डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती व्याख्या दिसते. दोन-दोन दिवस फाटकाबाहेर उभा राहणारा ट्रेलर तिच्यात बसतच नव्हता. शिवाय हा कायदा 5 किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी होता. दोन-तीन गाड्यांचा मालक त्यातून बाहेरच राहायचा.

अमेरिकेत उघड्या पाट्याच्या गाड्या चालवणाऱ्या बऱ्याच कंपन्या ताडपत्री घालण्याचे वेगळे पैसे देतात, आणि ठरावीक वेळेपेक्षा, बहुधा दोन तासांपेक्षा, जास्त उभं राहावं लागलं तर त्याचेही. तिथेही तक्रारी भरपूर आहेत, पण निदान त्या कामाला नाव आहे. आपल्याकडे मालक आणि पार्टी यांच्यात 'हॉल्टिंग' हा शब्द असतो. तो ड्रायव्हरच्या खिशापर्यंत क्वचित पोचतो.

इथे मालकाची बाजूही सांगायला हवी. अनेक मालक कालपर्यंत स्वतःच ड्रायव्हर होते. गाडीचा हप्ता महिन्याला जातो, भाडं मात्र ट्रान्सपोर्टरकडून महिना-दोन महिन्यांनी येतं, आणि हॉल्टिंग मागितलं तर पुढचं काम दुसऱ्याला. त्याच्याकडे नाहीच, तर तो देणार कुठून? आमचं मत असं, की या साखळीत रांग लावणारा कारखाना थांबण्याचे पैसे देत नाही तोवर मालक आणि ड्रायव्हर एकमेकांशीच भांडत राहणार.

पण एक गोष्ट मालकाच्याच हातात आहे, डिझेलचा हिशेब. पोलादपूर सोडलं की कशेडी घाट. 2023 च्या गणपतीच्या आधी तिथल्या बोगद्याची एक बाजू वाहतुकीला खुली झाली, तरी घाटाची सवय हाडात राहते. मालकानं लिटरमागे अमुक किलोमीटर असं अ‍ॅव्हरेज ठरवलं आणि कमी पडलेलं डिझेल पगारातून कापलं, की ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतो. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सुटते. बरं, बचत तरी होते का? आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. थोडक्यात, जुन्या इंजिनांच्या काळातली समजूत आणि पगारकपात यांनी मिळून हा धोका जिवंत ठेवला आहे. रिकाम्या गाडीचं, भरल्या गाडीचं आणि घाटाचं अ‍ॅव्हरेज वेगळं धरणारा मालक ड्रायव्हर सहसा सोडत नाहीत.

रस्त्याचंही तेच. लांबच्या शहरात बसलेला बुकिंगवाला नकाशा पाहतो आणि म्हणतो, महाडहून पुण्याला वरंध्यानं जा, जवळ पडतं. ट्रेलर वरंध्याच्या वळणांत घालून बघावा त्यानं! पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळीचंही तसंच. आणि पावसाळ्यात "आज पुढे जात नाही" म्हणता येणं ही तर इथे जिवाची गोष्ट आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एसटी गाड्यांसकट. जुलै 2021 मध्ये महाड शहर पाण्याखाली गेलं आणि तळियेवर दरड कोसळली. अशा रात्री "माल सकाळी पोचलाच पाहिजे" म्हणणारा मालक कसला, आणि "गाडी लाव, झोप" म्हणणारा कसला, हे ड्रायव्हर वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

अपघात झाला तर? जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, ते न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या तरतुदीमुळे. ते कलम तूर्त लागू झालेलं नाही. पण त्या दोन दिवसांत जे ऐकू आलं ते कलमाइतकंच मालकांबद्दल होतं: जमावात सापडल्यावर मालक फोन उचलेल का, वकील देईल का, घरी कळवेल का? जास्त वजनाचं पाहा. दंड 20,000 रुपये आणि वर टनामागे 2,000. कायदा चालवणाऱ्याला धरतो तसा चालवायला लावणाऱ्यालाही धरतो. वजन भरायला लावलं मालकानं आणि पावती कापली ड्रायव्हरच्या हिशेबात, हे कायद्याच्या विरुद्ध आणि नीतीच्याही.

शेवटी गणपतीचं. दरवर्षी त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर 16 टनांवरच्या गाड्यांना बंदी असते. बंदीची तारीख आधी जाहीर होते. तरी आदल्या रात्रीपर्यंत खेप लावली जाते आणि गाडी मध्येच कुठेतरी अडकते. महाड-पोलादपूरचा ड्रायव्हर घरापासून दीडशे किलोमीटरवर, केबिनमध्ये, आणि घरी आरती चाललेली. काही मालक मात्र दोन दिवस आधीच गाड्या रिकाम्या करून गावाजवळ लावून घेतात, आणि बंदीच्या दिवसांचा अर्धा भत्ता देतात. त्यांच्याकडे चतुर्थीनंतर गाडीवर यायला माणसं शोधावी लागत नाहीत. प्रश्न असतील तर आता विचारा.